शेणातला नायट्रोजन काढायचाय? गव्हाणीपासून सुरुवात करा

मागच्या महिन्यात आमच्या फार्मची अन्नद्रव्य व्यवस्थापनाची फाईल, म्हणजे जनावरांच्या शेण-मूत्रातून किती नायट्रोजन, फॉस्फेट, पोटॅश निघतं आणि ते कुठे जिरवतो याचा हिशेब, एकदाची मंजूर झाली. काम हातात आलं तेव्हा मी खूप शोधलं होतं, की हे कोणी स्वतः करून साध्या भाषेत लिहून ठेवलंय का, पण मिळाले ते एकतर शोधनिबंध नाहीतर तयार आकड्यांचे तक्ते, मधलं काहीच नाही. सुरुवातीचे काही आठवडे नुसती धास्ती होती. आता डोक्यात ताजं आहे तोवर क्रमाने सगळं लिहितेय, ज्यांच्या टेबलावर असाच फॉर्म येऊन पडलाय त्यांच्यासाठी.

आमच्याकडे गोठ्यात दुभत्या गायी, भाकड गायी, कालवडी आणि बाजूला पिंजऱ्यातल्या लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड. सगळं बंदिस्त, चरायला कोणीच बाहेर जात नाही. ऑक्टोबरमध्ये जो फॉर्म आला त्यात विचारलं होतं की प्रत्येक प्रकारचं जनावर वर्षाला किती नायट्रोजन, किती फॉस्फेट, किती पोटॅश बाहेर टाकतं, ते आकडे कुठून आणले, आणि एवढं सगळं जिरवायला जमीन किती आहे. शेवटचा प्रश्न सोपा होता. पहिल्या दोघांनी हिवाळा खाल्ला.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, त्यात काय, शेणाचं सॅम्पल लॅबला पाठवा. पण लॅब फक्त सांगते की पाठवलेल्या एक किलोत किती आहे. एकूण किलो किती हे आपणच सांगायचं, आणि खड्ड्यातल्या स्लरीत, म्हणजे पातळ शेण-मूत्रात, धुण्याचं पाणी असतं, गादीचा भुसा असतो, पाऊस असतो, शिवाय बराच नायट्रोजन अमोनिया होऊन आधीच उडून गेलेला असतो. म्हणजे खड्ड्यात जे मोजतो ते 'शिल्लक', आणि फॉर्म विचारतोय 'जनावरातून बाहेर पडलेलं'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. खरोखर शेण-मूत्र गोळा करून मोजायचं तर ते फक्त संशोधन केंद्रात होतं, तिथे गाय एका जागी बांधून शेण वेगळं, मूत्र वेगळं आणि मूत्राच्या भांड्यात नायट्रोजन उडू नये म्हणून आधीच सल्फ्युरिक आम्ल घालून ठेवतात. आपल्या गोठ्यात हे शक्य नाही.

दुसरा रस्ता तयार तक्त्यांचा. जुने तक्ते जनावराच्या वजनावर असायचे, इतक्या वजनाला इतकं शेण, इतका नायट्रोजन. पण सारख्याच वजनाच्या दोन गायी, एक १५ लिटर देणारी आणि एक ३५ लिटर देणारी, त्यांचं खाणं आणि बाहेर टाकणं सारखं कसं असेल? अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने मार्च २००५ मध्ये आपलं जुनं मानक बदलून डी ३८४.२ आणलं, त्यात मुख्य बदल हाच, की उत्सर्जन वजनावरून न काढता जनावर काय खातं आणि काय उत्पादन देतं यावरून काढायचं. सरासरी आकड्यांचा तक्ता त्यातही आहे, पण तो तुमच्याकडे स्वतःची माहिती नसेल तर वापरायचा. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तोच विचार आहे: खाल्लेल्या नायट्रोजनपैकी किती हिस्सा जनावरात किंवा उत्पादनात राहतो ते धरायचं, बाकीचं बाहेर. त्यांचे सर्वसाधारण हिस्से असे, दुभती गाय ०.२०, इतर गुरं ०.०७, डुकरं ०.३०, कोंबड्या ०.३०.

म्हणजे सूत्र एवढंच. खाल्लेलं वजा उत्पादनात गेलेलं बरोबर बाहेर पडलेलं. बँकेच्या पासबुकासारखं, जमा आणि खर्च पक्का असेल तर शिल्लक वेगळी मोजावी लागत नाही. मी ठरवलं की आपल्याकडे रेशनचे म्हणजे जनावरांच्या ठरवलेल्या रोजच्या आहाराचे कागद आहेत, दुधाचे आहेत, अंड्यांचे आहेत, तर तक्ता उचलायचा नाही, आपलंच गणित मांडायचं. फार्मच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले वेळ लागेल पण कर. त्यांच्या या एका वाक्यावर मी हिवाळाभर टिकले.

नोव्हेंबर पूर्ण नोंदी जुळवण्यात गेला. पहिली अडचण पशुसंख्येची. फॉर्ममध्ये एकच रकाना असतो, 'जनावरांची संख्या', पण कोणत्या दिवशीची? कालवड जूनमध्ये व्याली की ती दुभत्यात आली, एखादी गाय विकली, कोंबड्यांची बॅच संपून शेड काही आठवडे रिकामं राहिलं. एका तारखेची मोजणी इथे कामाची नाही. मी प्रत्येक गटाचे जनावर-दिवस काढले, म्हणजे जितके दिवस जितकी जनावरं त्या गटात होती त्याची बेरीज, आणि तिला ३६५ ने भागून वर्षाची सरासरी संख्या. मेलेली जनावरं मेली त्या दिवसापर्यंत धरायची. किचकट वाटतं, पण गोठ्याच्या रजिस्टरमध्ये तारखा असतील तर एका स्प्रेडशीटमध्ये होतं, आणि पुढे ऑफिसात या पानावर एकही प्रश्न आला नाही.

मग खाद्य. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खरेदीची बिलं म्हणजे खाल्लेलं खाद्य नव्हे. वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, हे तर झालंच, पण मुरघासाचा बंकर घ्या, त्यातला वरचा सडलेला थर काढून टाकतो तो गाईच्या पोटात गेलेलाच नाही. आणि गव्हाणीतलं उष्टं. मिक्सर वॅगन म्हणजे खाद्य मिसळून गव्हाणीत टाकणारी गाडी चालवणारे काका पहाटे नवीन रेशन टाकायच्या आधी कालचं उष्टं फावड्याने ओढून क्रेटमध्ये भरायचे, मी लटकत्या काट्यावर क्रेट लावून वही धरून उभी. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला दाखवलं की उष्ट्यात मक्याच्या कणसाचे तुकडे आणि जाड दांडेच जास्त उरतात, गाय बारीक दाणेदार माल आधी निवडून खाते. म्हणजे उष्ट्याचं नुसतं वजन वजा करून भागत नाही, त्याचं प्रोटीन टाकलेल्या रेशनपेक्षा कमी असतं, म्हणून त्याचंही सॅम्पल करावं लागतं. हे मला कुठल्याच कागदात दिसलं नव्हतं. त्यामुळे माझा सल्ला, जो माणूस रोज गव्हाण भरतो त्याच्याशी पहिल्या दिवशीच बसून बोला.

खाद्याची सॅम्पलं दर महिन्याला आणि मुरघासाचा बंकर किंवा पेंडीची गाडी बदलली की पुन्हा. लॅबमध्ये दर पॅरामीटरमागे पैसे लागतात, त्यामुळे काय मागायचं ते आधी ठरवा. आम्हाला शुष्क पदार्थ (पाणी वजा जाता उरतो तो भाग), क्रूड प्रोटीन (नायट्रोजनवरून काढलेलं एकूण प्रोटीन), फॉस्फरस आणि पोटॅशियम एवढंच हवं होतं. प्रोटीनसाठी एनआयआर म्हणजे प्रकाशाच्या मशीनवरची चाचणी स्वस्त आणि एक-दोन दिवसांत मिळणारी, तिच्यावर भागतं. पण खनिजं त्या मशीनवर भरवशाची येत नाहीत, फॉस्फरस आणि पोटॅशियमसाठी रासायनिक चाचणीच मागा, खर्च जास्त असला तरी. शुष्क पदार्थ मात्र मी गोठ्यावरच दर आठवड्याला काढायचे, कारण मुरघासाचा ओलावा पावसाने बदलतो आणि मग वॅगनच्या काट्यावर दिसणाऱ्या किलोंचा अर्थच बदलून जातो.

आता खरं गणित. जास्त दुधाच्या गटातली एक गाय घेते. दिवसाला २२ किलो शुष्क पदार्थ, त्यात १७ टक्के क्रूड प्रोटीन, म्हणजे ३.७४ किलो प्रोटीन. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन धरतात म्हणून ६.२५ ने भागायचं, आले ५९८ ग्रॅम नायट्रोजन. दूध ३० किलो, प्रोटीन ३.२ टक्के, म्हणजे ९६० ग्रॅम, पण दुधाच्या प्रोटीनला भागाकार ६.३८ ने, तो वेगळा आहे हे लक्षात ठेवा, आले १५० ग्रॅम. वजाबाकी केली की ४४८ ग्रॅम रोज बाहेर. म्हणजे चांगल्या रेशनवरची, चांगलं दूध देणारी गाय खाल्लेल्या नायट्रोजनपैकी फक्त पाव हिस्सा दुधात देते. हा आकडा पहिल्यांदा शीटमध्ये उमटला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसले होते, सोयापेंडीच्या बिलाकडे मी त्यानंतर वेगळ्याच नजरेने बघते.

फॉस्फरस त्याच पद्धतीने. रेशनमध्ये ०.४० टक्के म्हणजे ८८ ग्रॅम, दुधात किलोमागे साधारण ०.९ ग्रॅम म्हणजे २७, बाहेर ६१ ग्रॅम. पोटॅशियमचंही तसंच, दुधात किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास जातं, बाकी सगळं बाहेर, मुख्यतः मूत्रावाटे.

कालवडींना मी घाबरत होते कारण आमच्याकडे मोठा वजनकाटा नाही, छातीच्या घेराच्या टेपवरून अंदाज घ्यायचा. पण गणित केल्यावर कळलं की इथे फारसं बिघडत नाही. कालवड रोज ८०० ग्रॅम वाढली आणि त्या वाढीत अडीच टक्के नायट्रोजन धरला तर होतात २० ग्रॅम, वजनाचा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तर फरक पडतो दोन-चार ग्रॅमचा. गुरांमध्ये शरीरात राहतं तेच इतकं कमी की सगळी मदार खाद्याच्या नोंदीवर. ब्रॉयलरवाल्यांचं मात्र उलटं आहे. समजा अडीच किलोचा पक्षी, चार किलो खाद्य, २० टक्के प्रोटीन, म्हणजे १२८ ग्रॅम नायट्रोजन आत, आणि शरीरात २.९ टक्क्यांनी ७२ ग्रॅम राहिला. निम्म्याहून जास्त पक्ष्यासोबत फार्मबाहेर जातो, त्यामुळे तिथे विक्रीचं वजन, मर आणि शरीरातल्या नायट्रोजनचं प्रमाण या तिन्ही गोष्टी जपून धरा.

जानेवारीत मला वाटायला लागलं की हे सगळं कागदावर बरोबर दिसतंय पण कशावरून. तेव्हा दुधातला युरिया कामी आला. आमच्या डेअरीच्या रिपोर्टमध्ये दुधातला युरिया नायट्रोजन येतोच, बहुतेक लोक तो रकाना बघत नाहीत. गायीचं वजन किलोत, गुणिले हा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, गुणिले ०.०२६, की मूत्रातून जाणाऱ्या नायट्रोजनचा ग्रॅममध्ये अंदाज मिळतो. ६०० किलोची गाय आणि १४ हा आकडा धरला तर २१८ ग्रॅम. ४४८ मधून गेले की शेणात २३०, साधारण निम्मं-निम्मं, पटण्यासारखं. फक्त रिपोर्टमध्ये युरिया लिहिलाय की युरिया नायट्रोजन ते बघा, युरियाच्या वजनात नायट्रोजन ४७ टक्केच असतो, त्यामुळे गफलत झाली तर उत्तर दुप्पट येतं.

मूत्रातला हिस्सा वेगळा कळणं महत्त्वाचंय, कारण उडून जातो तो मुख्यतः तोच. मूत्रातला युरिया शेणातल्या युरिएज एन्झाइमला भेटला की तासाभरात अमोनिया व्हायला सुरुवात होते. आणि जास्तीचं प्रोटीन घातलं की ते जवळजवळ सगळं मूत्रातच जातं. आम्ही याच गटाचं प्रोटीन १७ वरून १६ वर आणून बघितलं, दूध टिकलं, आणि गायीमागे रोजचे ३५ ग्रॅम नायट्रोजन कमी झाले. वेताच्या ३०५ दिवसांत धरलं तर दहा किलोच्या वर.

कोंबड्यांचं काम तुलनेने लवकर झालं, कारण शेडमधल्या नोंदी आधीपासून चोख होत्या. रोजचं ११० ग्रॅम खाद्य, १६.५ टक्के प्रोटीन, म्हणजे २.९ ग्रॅम नायट्रोजन. ९० टक्के अंडी, ६० ग्रॅमचं अंडं, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम अंडं, त्यात एक ग्रॅम. बाहेर १.९, वर्षाला कोंबडीमागे सुमारे ०.७ किलो. फॉस्फरसमध्ये मात्र बघण्यासारखं आहे, अंड्यात जातो जेमतेम पाचवा हिस्सा. धान्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीला तो नीट पचवता येत नाही, म्हणून वरून खनिज फॉस्फेट घालतात आणि दोन्ही विष्ठेत जातं. हा अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारं फायटेज एन्झाइम १९९१ पासून बाजारात आहे, ते घातलं आणि त्याच वेळी वरचं फॉस्फेट कमी केलं तरच विष्ठेतला आकडा खाली येतो, नुसतं एन्झाइम घालून येत नाही. आमच्या खाद्य कारखान्याकडून फायटेज किती आणि फॉस्फेट किती कमी केलं याचं लेखी पत्र घ्यायला बरेच फोन करावे लागले. ते पत्र आधीच मागून ठेवा, फाईलला लागतंच.

फेब्रुवारीत खड्ड्याची स्लरी तपासली, ताळा म्हणून. फॉस्फरस हवेत उडत नाही, नायट्रोजन उडतो. जनावरांतून बाहेर पडताना आमच्या सगळ्या गोठ्याचं नायट्रोजन-फॉस्फरस गुणोत्तर ७ च्या आसपास येत होतं, खड्ड्यातल्या स्लरीत ते ५ च्या जवळ निघालं, म्हणजे मधल्या मधे सुमारे ३० टक्के नायट्रोजन गेला. किती पाणी मिसळलं हे माहीत नसलं तरी ही पद्धत चालते, हीच तिची मजा. पण अट एकच, स्लरी पूर्ण ढवळलेली हवी, कारण फॉस्फरस गाळाबरोबर तळाशी बसतो आणि अमोनिया, पोटॅश वरच्या पाण्यात राहतात. ढवळताना खरंच जपा. बंद खड्डा ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम वर येतो आणि तो जीव घेतो, वास येईनासा झाला म्हणजे गेला असं नसतं, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. आम्ही गोठ्यातली गुरं त्या बाजूपासून दूर हलवली, वारा पाठीवर घेऊन उभे राहिलो, लांब दांड्याच्या बादलीने वेगवेगळ्या ठिकाणची स्लरी काढून एका ड्रममध्ये एकत्र केली आणि त्यातून बाटली भरली. बाटली दोन तृतीयांशच भरायची, गॅस धरतो. लगेच फ्रीझरमध्ये. आणि लॅबला फॉर्मवर ठळक लिहून द्या की नायट्रोजन ओल्या सॅम्पलवर काढा, वाळवलं की अमोनिया ओव्हनमध्येच जातो. चाचणी तीच केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाची १८८३ मधली, फक्त सॅम्पल ओलं हवं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले.

मार्चमध्ये फाईल दिली. मग शांतता. पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास शंकापत्र आलं, दोन मुद्दे. एक, फॉस्फरस मूलद्रव्यात आहे की फॉस्फेटमध्ये. माझ्या तक्त्यांत दोन्ही रकाने होते पण सारांशाच्या पानावर फॉर्मचा छापील रकानाच एकच होता, त्यामुळे पत्राने कळवलं: फॉस्फरसला २.२९ ने गुणलं की फॉस्फेट, पोटॅशियमला १.२ ने गुणलं की पोटॅश. दुसरा मुद्दा जास्त गंभीर, मानक तक्त्यात दुभत्या गाईला ७८ ग्रॅम फॉस्फरस दिलाय, तुमचा ६१ कसा. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, वाटलं सगळं परत करायला सांगतात की काय. पण उत्तर आपल्याच कागदात होतं. तक्त्यातली गाय ४० किलो दूध देणारी, जास्त खाणारी, आणि आमच्या रेशनमध्ये वरचं खनिज फॉस्फेट बंद केलेलं. महिन्यामहिन्याचे खाद्याचे रिपोर्ट, रेशनची पानं आणि वजाबाकी असं तीन पानांचं उत्तर जोडलं. तपासणाऱ्या मॅडमनी समोर बसवून ओळ न ओळ वाचली, उष्ट्याच्या वहीचे फोटो मागितले, काकांच्या अक्षरातली पानं बघितली आणि मान्य केलं. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं, इतकं बारकाईने कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

जमिनीचं गणित शेवटी. आमच्या अशा गाईचे भाकड दिवस धरून वर्षाला १५० किलोच्या आसपास नायट्रोजन होतो, साठवणुकीतली घट वजा करायच्या आधी. युरोपातल्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात (म्हणजे तिथल्या कायद्यात) जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलो नायट्रोजनची मर्यादा आहे, म्हणजे कल्पना करा, एका गाईला जवळपास एक हेक्टर. आमच्या फाईलमध्ये अडचण नायट्रोजनची नव्हती तर फॉस्फेटची निघाली, मुख्यतः कोंबडीखतामुळे, म्हणून त्यातलं बरंचसं खत फार्मबाहेर देण्याचा करार जोडावा लागला. देताना प्रत्येक गाडीचं वजन आणि चाचणीचा नंबर पावतीवर लिहावा लागतो.

मंजुरीत अट आहे की रेशन बदललं तर त्या गटाचं गणित नव्याने द्यायचं. त्यामुळे शीट चालूच आहे, रोज गटाप्रमाणे जनावरं, टाकलेलं खाद्य, उष्टं, दूध किंवा अंडी, आठवड्याला शुष्क पदार्थ, महिन्याला प्रोटीन-फॉस्फरस-पोटॅशियम आणि दुधातला युरिया. आता उष्ट्याचं वजन काका स्वतःच मोबाइलवर टाकतात.